पासिंग माफ नको, पाड्यापर्यंत हवी

सातपुड्यात गाडीच्या पासिंगचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं. हे नियम शहरासाठी आहेत, इथं नकोत. अक्कलकुव्याहून मोलगीपर्यंत आणि मोलगीहून पुढे मणिबेलीच्या बाजूला नर्मदेच्या काठापर्यंत ज्या जीपा, क्रूझर आणि पिकअप धावतात, त्यांचे कागद तपासायला बसलात तर अर्ध्या गाड्या उभ्या राहतील. मग बाळंतीण झोळीतून न्यावी लागेल, आश्रमशाळेची पोरं पायी डोंगर उतरतील, बाजाराला निघालेली भगर घरातच राहील. गाडी चालते आहे हेच उपकार समजा आणि तिच्या वाटेला जाऊ नका, असं सांगितलं जातं.

हे सांगणारी माणसं खोटी नाहीत. त्यांत गाडीमालक आहेत, तसे शिक्षक आणि आरोग्यसेवकही आहेत. आदिवासींच्या प्रश्नांवर अर्धं आयुष्य घातलेले कार्यकर्तेही असंच बोलतात. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण त्यांचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. ते इतक्या चांगल्या मनानं मांडलं जातं की समोरचा गप्प बसतो, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद मुळापासून करायला हवा.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण त्याला विरोध करणाऱ्या बऱ्याच जणांनी तो वाचलेलाच नसतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५६ व्या कलमानुसार भाड्यानं माणसं किंवा माल वाहणाऱ्या प्रत्येक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच पासिंग, लागतं. ते नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला ६२ वा नियम मुदत ठरवतो. नव्या गाडीला दोन वर्षं, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी तपासणी. घरगुती वापराच्या गाडीला मात्र पहिली पंधरा वर्षं कुणी हात लावत नाही, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं.

यातला घरगुती आणि भाड्याच्या गाडीमधला फरक नीट समजून घ्या, डोंगरातली निम्मी गोष्ट त्यात आहे. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची जीप घ्यायची आणि ती रोज भाड्यानं चालवायची, हा प्रकार दुर्गम भागात सर्रास चालतो. अशी गाडी कायद्याच्या नजरेत घरगुतीच राहते. तिचे ब्रेक पंधरा वर्षं कुठल्याही निरीक्षकापुढे जात नाहीत. त्यात डोंगरात येणारी गाडी बहुधा कोरी नसते. शहरात वापरून झालेली, दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेली गाडी इथं येते. शहरात जी गाडी थकली म्हणून विकली, ती सगळ्यात अवघड रस्त्यावर जुंपली जाते. म्हणजे ज्या प्रवाशाला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी तपासलेली गाडी येते. ‘नियम इथं नकोत’ असं म्हणणाऱ्यांना मला पहिली गोष्ट हीच सांगायची आहे. नियम इथं फारसे आलेलेच नाहीत. आपण ज्याला जाच म्हणतो, तो अजून घाट चढून आलेला नाही.

आता तपासणीत बघतात काय? पाटीचा रंग, आरशाची काच, कागदांची चळत एवढंच, असं पुष्कळांना वाटतं. नियम वाचले तर त्यांत मोजमापं आहेत. ताशी ३० किलोमीटर वेगात असलेली, पूर्ण भार घेतलेली गाडी ब्रेक दाबल्यावर १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. टायरवरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे चाक वळायच्या आधी स्टेअरिंग जेवढं नुसतं फिरतं ते, ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. हँडब्रेकनं गाडी धरली पाहिजे. दिवे लागले पाहिजेत.

हे आकडे घेऊन देवगोईचा घाट उतरून बघा. गाडी भरलेली आहे, टपावर पोती आहेत, मागच्या पायरीवर दोन पोरं उभी आहेत. चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो, किंवा गिअर नीट बसत नाही म्हणून नाइलाजानं तशी सोडतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतो, लायनर जळल्याचा वास आत येऊ लागतो, पॅडल खाली जातं आणि गाडी मात्र म्हणावी तशी धरत नाही. वळणावर थांबून चाकावर पाणी ओततात, वाफ निघते, गाडी पुन्हा चालू लागते. हँडब्रेकची केबल केव्हाच तुटलेली असते, म्हणून गाडी उभी केली की एक पोरगा उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावतो. तो दगड गाडीतच ठेवलेला असतो, पान्याजॅकच्या शेजारी. सपाट रस्त्यावर १३ मीटरचा नियम मोडला तर पुढच्या गाडीला धडक बसेल. इथं पुढे गाडी नसते, दरी असते. झिजलेल्या टायरचं पुण्यातल्या पावसात जे होईल ते घाटातल्या ओल्या मातीवर चौपट होईल. मग हे मोजमाप शहराच्या सोयीचं कसं? ते आधी लिहायला हवं होतं ते याच रस्त्यासाठी.

गेल्या काही वर्षांत याच डोंगरांनी काय पाहिलं ते आठवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटली आणि माणसं गेली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता तोच, नोव्हेंबरमध्ये, अक्कलकुवा–मोलगी रस्त्यावर देवगोई घाटात आमलीबारीजवळ आश्रमशाळेच्या मुलांची बस दरीत कोसळली. दिवाळीची सुटी संपवून शाळेत परतणारी मुलं होती ती, त्यातली दोन गेली. या अपघातांची कारणं मी इथं बसून ठरवणार नाही, ते चौकशीचं काम आहे. पण अपघात झाला की ‘रस्ता खराब, वळण वाईट, नशीब फुटकं’ एवढ्यावर बोलणं थांबतं, आणि त्या गाडीचा ब्रेक शेवटचा कुणी आणि कधी तपासला होता हे कुणी विचारतही नाही, याला माझी हरकत आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो असं आपण म्हणतो. इथं तर म्हाताऱ्याही नाहीत, शाळकरी पोरं आहेत, आणि काळ सोकावलेला आहे.

यावर एक मुद्दा हमखास पुढे येतो, आणि तो कच्चा नाही. गाड्या पडतात त्या जादा माणसं भरल्यामुळे. मालवाहू पिकअपमध्ये तीस-चाळीस माणसं कोंबली, तर तिला कितीही वेळा पास करा, ती पडणारच. मग पासिंगचा आग्रह कशाला? हे म्हणणं अर्धं खरं आहे. माल वाहण्यासाठी पास झालेली गाडी माणसं वाहायला पास झालेली नसते, आणि कुठलंच प्रमाणपत्र जादा भार भरून काढत नाही. पण गाडीवर जादा भार पडणारच आहे हे जर गृहीत धरायचं, तर तिचे ब्रेक आणि कमानपाटे जास्त चांगले हवेत की कमी? ताप आलेल्या माणसाचा ताप नुसत्या पाण्यानं उतरत नाही, म्हणून त्याला स्वच्छ पाणीही देऊ नये का? भार रोखणं हे पोलिसांचं आणि आरटीओच्या रस्त्यावरच्या पथकाचं काम आहे, आणि त्याहून अधिक ते एसटीचं काम आहे. पुरेशा बस नसतात म्हणून लोक पिकअपच्या हौद्यात उभे राहतात, हौस म्हणून नाही. यात्रेच्या दिवशी जादा बस सोडल्या नाहीत याचा जाब एसटीला विचारलाच पाहिजे. पण एका खात्याचं अपयश दाखवून दुसऱ्या खात्याला मोकळं सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पासिंग विकत मिळते. एजंटला पैसे द्या, गाडी न नेताही कागद हातात येतो. पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर भाड्यानं आणून लावायचे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवायच्या, संध्याकाळी सगळं काढून परत द्यायचं. मग असल्या तपासणीनं कुणाचा जीव वाचणार? उलट गरीब मालकाकडून दलालाला चार पैसे जास्त मिळणार.

हा आजार खरा आहे, आणि महाराष्ट्रात त्यावर इलाजही झालेला आहे. तो काय होता ते पाहिलं पाहिजे. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, की राज्यातली आरटीओ कार्यालयं नीट चाचणी न घेताच योग्यता प्रमाणपत्रं देत आहेत. न्यायालयानं ती गंभीरपणे घेतली. ब्रेक तपासायचे तर गाडी पळवावी लागते, आणि पळवायला जागा लागते. म्हणून प्रत्येक आरटीओपाशी २५० मीटरचा चाचणीपथ असलाच पाहिजे, असं २०१६ मध्ये सांगितलं गेलं आणि पुढे जिथं पथ नाही तिथली प्रमाणपत्रं थांबवण्यापर्यंत गोष्ट गेली. २०१८ मध्ये नियम धाब्यावर बसवून प्रमाणपत्रं दिल्याच्या ठपक्यावरून राज्यातले तीसहून अधिक आरटीओ अधिकारी निलंबित झाले. खोट्या तपासणीवर उपाय म्हणून कर्वे यांनी तपासणी बंद करा असं म्हटलं नाही. त्यांनी खरी तपासणी मागितली आणि ती मिळवली. पासिंग विकत मिळते म्हणून पासिंगच नको, हे म्हणणं त्या लढ्याच्या बरोबर उलट्या दिशेला जातं. रेशनवर धान्याचा काळाबाजार होतो म्हणून रेशन बंद करा, असं या काठावरचा एकही कार्यकर्ता म्हणणार नाही. मग ब्रेकच्या बाबतीत तो असं का म्हणतो?

तिसरा मुद्दा दंडाचा. इथं मी पूर्णपणे गाडीमालकांच्या बाजूनं आहे. मुदत संपल्यावर पासिंगला जितके दिवस उशीर, त्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये असा हा आकार. २०१६ च्या डिसेंबरमधल्या केंद्राच्या अधिसूचनेतला. महाराष्ट्रात त्यावर न्यायालयात वाद झाला, २०२४ च्या मेमध्ये परिवहन विभागानं वसुली सुरू करायचं परिपत्रक काढलं, रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी सरकारनं स्थगिती दिली. हिशेब करून बघा. एक वर्ष पासिंग राहिली तर १८,२५० रुपये होतात. मोलगीच्या जीपवाल्याला हे भरायचे म्हणजे गाडी विकायची. तो गाडी विकत नाही, ती कागदांशिवाय चालवतो. दंड इतका मोठा झाला की तो भरण्यापेक्षा चोरून चालवणं स्वस्त पडतं, आणि एकदा कागद सुटले की माणूस पुन्हा आरटीओच्या दारात पाऊल टाकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. साठलेला दंड माफ करा, जरूर करा. पण त्या बदल्यात गाडी तपासायला आणायची अट ठेवा. दंडाची माफी आणि तपासणीची माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंदोलनात त्या एका घोषणेत बसतात, घाटात त्यांची फारकत होते.

कागदाचा आणखी एक उपयोग आहे, तो मालकांनाही फारसा ठाऊक नसतो. योग्यता प्रमाणपत्र नसणं हा विम्याच्या कराराचा मूलभूत भंग आहे, असं केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१८ मध्ये म्हटलं. त्याचा अर्थ असा, की मृताच्या घरच्यांना विमा कंपनीनं भरपाई दिली तरी ती रक्कम ती मालकाकडून वसूल करायला निघू शकते. ‘पासिंग करू नको, काही होत नाही’ असा सल्ला देणारा माणूस मालकाचा हितचिंतक नाही. एका अपघातात त्याची गाडी जाईल, आणि वर त्याची जमीनही धोक्यात येईल.

कुणी म्हणेल, अमेरिकेत राज्यंच्या राज्यं ही तपासणी बंद करताहेत. टेक्सासनं १ जानेवारी २०२५ पासून बंद केली, मग आपण कशाला? हा दाखला आता इकडेही फिरू लागला आहे. टेक्सासनं बंद केली ती खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी. व्यावसायिक वाहनांची तपासणी तिथं आजही चालू आहे. भाडं देऊन बसणाऱ्या प्रवाशाला गाडीचा ब्रेक बघता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी तो बघितला पाहिजे, हे तत्त्व टेक्साससुद्धा सोडत नाही.

आपल्याकडे सरकारनं स्वतःच्या गाड्यांबद्दल काय ठरवलं तेही पाहावं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी नव्यानं होत नाही. ती मोडीत जातात. साहेबाची गाडी पंधरा वर्षांनी रस्त्यावर धोक्याची ठरते, आणि तेवढ्याच वयाच्या, तपासणीही न झालेल्या जीपमध्ये गरोदर बाई घाट उतरते तेव्हा मात्र आपण ‘चालतंय, चालू द्या’ म्हणतो. दुर्गम भागासाठी सवलत म्हणून जे मागितलं जातं, त्याचा खरा अर्थ हा आहे की तिथल्या माणसाच्या जिवासाठी मोजमाप सैल ठेवलं तरी चालेल. हे मला मान्य नाही.

मणिबेलीच्या संदर्भात तर मुळीच मान्य नाही. महाराष्ट्रातल्या ज्या ३३ गावांवर सरदार सरोवराचं पाणी आलं, त्यांत मणिबेली पहिलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ इथंच होतं, ते पाण्याखाली गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या माणसांनी पाण्यात उभं राहून जो सत्याग्रह केला, त्याचा एक परिणाम थेट वॉशिंग्टनमध्ये झाला. जागतिक बँकेनं १९८५ मध्ये या धरणाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात मोर्स समितीनं सांगितलं, की पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या ज्या अटी घालून प्रकल्प मंजूर झाला, त्या पाळल्याच गेलेल्या नाहीत. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज रद्द झालं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेनं स्वतःच्या कामाची तपासणी करणारं, लोकांच्या तक्रारी ऐकणारं स्वतंत्र निरीक्षण मंडळ स्थापन केलं.

ज्या काठानं जगाला शिकवलं की कागदावर मंजूर झालेली गोष्ट प्रत्यक्ष जाऊन, बाहेरच्या नजरेनं तपासली पाहिजे, त्याच काठाला आज आपण सांगतो की तुमच्या गाडीला आणि नावेला तपासणी नको. मणिबेलीच्या माणसांनी जे मागितलं होतं ते हेच होतं. आमच्यावर जे लादलं जातंय ते नियमाप्रमाणे आहे का, ते बघायला या.

नावेचं नाव मी मुद्दाम घेतलं. मणिबेलीच्या बाबतीत पासिंगची चर्चा जीपवर थांबली तर ती अर्धीच राहते. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, पाणी डोंगराच्या कुशीत शिरलं, जुन्या वाटा बुडाल्या आणि काठावरच्या पाड्यांना पाणी हाच रस्ता उरला. शाळेला, दवाखान्याला, बाजाराला, पलीकडे गुजरातेत, सगळीकडे नाव. याच पाण्यावर सरकारचा तरंगता दवाखाना चालतो. करोनाच्या काळात याच पाण्यावरून चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोहोचल्या, देशानं त्यांचं कौतुक केलं. ते कौतुक योग्यच होतं. पण ती होडी कुणी तपासली होती, तिच्यात जीवरक्षक जॅकेट होतं का, हा प्रश्न कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारला?

१५ जानेवारी २०१९, मकरसंक्रांत. धडगाव तालुक्यात भूषा इथं नर्मदेच्या पूजेला आलेल्या आदिवासी बांधवांची नाव उलटली. नावेत साठच्या आसपास माणसं असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. लहान मुलांसह किमान सहा जण बुडाले. नंदुरबारच्या बाहेर ही बातमी दोन दिवस टिकली. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण गेले. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी २२ माणसं गेली, ती मासेमारीची बोट बदलून पर्यटकांसाठी केलेली होती.

जीपला निदान पाटी असते, क्रमांक असतो, नंदुरबारच्या कार्यालयात एमएच ३९ म्हणून कुठेतरी नोंद असते. नावेचं काय? १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलवाहनांचा नवा कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या नावेची तपासणी आणि नोंदणी त्यात बंधनकारक आहे. वल्ह्याच्या, बिनइंजिनाच्या नावांची नोंद ठेवण्याचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे येतं. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींचं काम बघणारं सागरी मंडळ मुंबईत आहे. समुद्रासाठी उभं राहिलेलं हे मंडळ सातपुड्याच्या दरीत, नर्मदेच्या फुगवट्यावर किती वेळा येणार? एखादा नाविक प्रामाणिक असला, त्याला आपली इंजिनाची नाव तपासून घ्यावीशी वाटली, तर त्यानं ती मणिबेलीहून कुठं न्यायची? जीपवाल्याला निदान नंदुरबारचा रस्ता तरी आहे.

‘नियम नकोत’ म्हणणाऱ्यांच्या मनातली खरी व्यथा मला इथं सापडते, आणि ती मी मान्य करतो. नियम दूर आहे. जीप नंदुरबारला पासिंगला न्यायची म्हणजे जाण्यायेण्याचं डिझेल, त्या दिवसाचं बुडालेलं भाडं, आणि एवढं करून ‘उद्या या’ असं ऐकण्याची तयारी. आता तर देशभर स्वयंचलित चाचणी केंद्रांचा आग्रह आहे. माणसाच्या हाताऐवजी यंत्रानं ब्रेक मोजायचे, हे तत्त्व उत्तम. एजंटची सद्दी त्यानंच संपेल. नाशिकला राज्यातलं असं केंद्र आधीपासून आहे. पण अशा केंद्रात पैसा गुंतवणारा जिथं हजारो ट्रक आहेत तिथं जाणार, अक्कलकुव्याला कशाला येईल? तपासणी जितकी चांगली होत जाईल तितकी ती डोंगरापासून लांब जाण्याचा धोका आहे. आपण भांडायचं ते यासाठी. माफीसाठी भांडून आपण सरकारला सगळ्यात स्वस्त सुटका देतो. माफीच्या आदेशाला एक सही पुरते, चाचणीपथाला जमीन, माणूस आणि पैसा लागतो.

अक्कलकुवा आणि धडगाव या दोन्ही तालुक्यांच्या ठिकाणी २५० मीटरचा पथ करणं अशक्य नाही. शिकाऊ परवान्यासाठी आरटीओ तालुक्याला शिबिरं घेतंच. पासिंगचंही शिबिर महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला, त्या पथावर घ्यावं. पावसाळ्याच्या तोंडावर आणि अस्तंब्याच्या यात्रेच्या आधी जादा शिबिर. पांढऱ्या पाटीवर भाडं मारणाऱ्या जीपवाल्यांना गुन्हेगार ठरवण्याआधी, परवाना घेऊन पिवळ्या पाटीवर यायला एक मुदत द्यावी. गाडीवाल्यांच्या संघटनांनी मात्र सरकारची वाट बघू नये. जर्मनीतली तपासणी संस्था आज जगभर प्रसिद्ध आहे, तिचं मूळ कारखानदारांच्या स्वतःच्या पुढाकारात आहे. १८६५ मध्ये मानहाइमला एका दारूभट्टीतला वाफेचा बाष्पक फुटला, आणि १८६६ च्या जानेवारीत बाष्पकांच्या मालकांनीच एकत्र येऊन ते तपासणारी संस्था काढली. गाड्यांची तपासणी पुढे त्याच परंपरेत आली. मोलगीच्या स्टँडवर रांगेत लागणाऱ्या गाड्यांनी आपसांत ठरवलं, की हँडब्रेक नसलेल्या गाडीला नंबर लावायचा नाही, तर त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही.

नावांचं काम तर गावातच सुरू होऊ शकतं. अक्कलकुवा आणि धडगाव हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत, पेसा कायदा इथं १९९६ पासून लागू आहे, ग्रामसभेला इथं वजन आहे. महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. त्यातली १ मेची सभा नावांसाठी घ्यावी. तोवर उन्हाळ्यानं पाणी उतरलेलं असतं आणि नाव काठावर ओढून उलटी करणं सोपं जातं. पेंदा डोळ्यांनी दिसतो, चिरा दिसतात, कुठं डांबर सुटलं, कुठं पत्रा गंजला ते कळतं. प्रत्येक नावेवर गावानं क्रमांक घालावा आणि किती माणसं बसायची तो आकडा बाहेरच्या अंगाला रंगानं मोठा लिहावा. भरल्यावर पाणी कुठपर्यंत चढू द्यायचं तिथं एक आडवी पांढरी रेघ मारावी. रेघ बुडाली की नाव सुटणार नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळेल आणि तो ते बोलूनही दाखवेल. जीवरक्षक जॅकेटांचा खर्च आदिवासी विकासाच्या निधीतून मागावा. हे सगळं एका वहीत, तारीख घालून, ग्रामपंचायतीत ठेवावं. जिल्हाधिकाऱ्यांनी त्या दिवशी इंजिनाच्या नावा बघायला एक जाणकार निरीक्षक पाठवावा, आणि तो येईल तो मणिबेलीलाच येईल. नाव त्याच्याकडे जाणार नाही.